सहा भोकांचं कार्ड

हल्ली डेटाबेसच्या एका खान्यात अख्खं कुटुंब ठेवता येतं. आई, आईच्या आत लेकरं, लेकरांच्या आत त्यांच्या तपासण्या. एक ओळ लिहायची आणि हवं ते आतून उपसून काढायचं. ऑफिसातली नवीन मंडळी मला हे मोठ्या कौतुकानं दाखवतात. मी "अरे वा" म्हणते आणि मनात म्हणते, लेकांनो, एवढंच करायला मला एक उन्हाळा लागला होता, आणि तोही चंद्रपूरचा.

मी बल्लारपूरची. तिथं अब्बांचं बाइंडिंगचं दुकान होतं. गावावर पेपरमिलचा वास कायम बसलेला असे. पाहुणे उतरले की नाकाला रुमाल लावत, आम्हाला मात्र तो वास यायचाच नाही. शाळा-कचेऱ्यांची रजिस्टरं, फाटलेली पोथी, कुराण, सगळं अब्बांकडे शिवायला येई. घरात ते हिंदी बोलत आणि गिऱ्हाइकाशी मराठी. माझ्यावर रागावले की तेही मराठीत. म्हणजे तेवढ्यापुरती मी घरची नाही, काम बिघडवणारं गिऱ्हाईक. मी तापट आहे, हे मला मान्य आहे. तो ताप कुणाकडून आला हेही सांगायची गरज नाही.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी चंद्रपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. दवाखान्याची जीप गावोगावी फिरून सिकलसेलची रक्ततपासणी करी. हा आजार आईबापांकडून लेकरांत उतरतो. ज्याच्या रक्तात तो एकाच बाजूनं आला त्याला आमच्याकडे 'अर्धी' म्हणत. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोन्ही बाजूंनी आला तर 'पूर्ण'. पूर्ण असलेल्या लेकराला उन्हात पाणी कमी पडलं, साधा ताप आला, तरी हाडं ठणकून येतात आणि कधी कधी जीवावर बेततं. त्याला रोज एक पिवळी गोळी, भरपूर पाणी आणि वेळेवर दवाखाना लागतो. दवाखान्याकडे लोखंडी पेट्या भरून कार्डं होती. ती कॉम्प्युटरात घालणं हे माझं काम होतं.

ती कार्डं फिरतीवरच्या नर्सबाईंनी जपली होती. आईचं कार्ड पिवळं, जाड, मधोमध घडी घातलेलं. लेकराचं कार्ड पांढरं आणि लहान. तेही घडी घालून आईच्या कार्डात सरकवायचं आणि घडीवर सुईनं तीन भोकं पाडून पांढऱ्या दोऱ्यानं शिवून टाकायचं. पिना गंजतात म्हणून दोरा. मुलगी लग्न होऊन गेली की टाका उसवून तिचं कार्ड तिच्या हाती द्यायचं, सासरी घेऊन जायला. पिवळ्या कार्डावर नाव, गाव, माहेर, नवऱ्याचं नाव, दोघांचे निकाल, सगळं असे. पांढऱ्यावर मात्र "थोरली. अर्धी." किंवा "मधला. नाही." किंवा "मंडईच्या जत्रेवेळची. अर्धी." एवढंच. ना नाव, ना गाव.

पण हे पुढं कळलं. त्या वेळी मी कॉलेजातून ताजी बाहेर पडलेली, डोकं शिकवलेल्या गोष्टींनी गच्च. एका प्रकारची माहिती एका टेबलात, हा त्यातला पहिला धडा. आया एका टेबलात, मुलं दुसऱ्या टेबलात, आणि मुलाच्या ओळीत आईचा क्रमांक लिहायचा. झालं. मी अब्बांच्या दुकानातून एक पातळ पातं आणलं आणि तीन दिवस टाके कापत बसले. कार्डं उडू नयेत म्हणून कूलर बंद. घामानं निथळत मी पिवळ्यांचा ढीग गावांप्रमाणे लावला, पांढऱ्यांचा वेगळा लावला. दोन्ही ढीग इतके नीटनेटके दिसत होते की मी घरी जाताना मागे वळून एकदा पाहिलंसुद्धा.

आठवडाभरात सगळ्या आया कॉम्प्युटरात गेल्या. मग मुलांचं टेबल उघडलं. पहिलं पांढरं कार्ड हातात घेतलं. "थोरली. अर्धी." पुढचा रकाना, आईचा क्रमांक. मी कार्ड उलटं केलं. मागं कोरं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, मग अधाशासारखी ढीगच उपसला. कुणाची थोरली आणि कुणाचा मधला, हे फक्त तो दोरा सांगत होता, आणि दोरा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

दुपारी नर्सबाई आल्या. तीस वर्षांची नोकरी, आधी गडचिरोलीकडच्या जंगलात, मग इकडे. मे संपला की रिटायर. हाडकुळ्या, उन्हानं रापलेल्या, काखेत छत्री. त्यांनी दोन ढीग पाहिले. मला वाटलं आता ऐकवतील. त्या खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "लेकरं मायपासून काढून ढीग केला काय वं तू, पोरी?"

"त्यांच्यावर आईचं नाव का नाही लिहिलं?" मी उलट त्यांच्यावरच चढले. चूक झाली की मी आधी ओरडते.

"मायच्या पोटात होते ना ते. मंग मायचं नाव काऊन लिहाचं?"

मी तिथंच रडले. त्यांनी मला रडू दिलं, मग पदर खोचला आणि ढिगासमोर जमिनीवर फतकल मारली. दोन दिवस त्या कार्डं ओळखत होत्या. हे माझं अक्षर, ही शाई त्या साली संपली, हा डाग अमक्या बाईनं चहा दिला तेव्हाचा, याला चुलीचा धूर लागला म्हणजे नदीपारचं घर. त्यांची स्वतःची गावं जवळजवळ सगळी लागली.

राहिला जिवतीच्या पहाडावरचा गठ्ठा. तो पहाड वेगळ्या नर्सबाई बघत. त्या संक्रांतीलाच नोकरी सोडून गेल्या होत्या आणि त्यांना घातलेलं पत्र परत आलं होतं. आमच्या बाईंना त्या गठ्ठ्यातलं काहीच आठवायचं कारण नव्हतं. गठ्ठा तसा फार मोठा नव्हता आणि त्यातली बहुतेक लेकरं 'नाही' किंवा 'अर्धी' होती. त्यांचं उशिरा कळलं तरी बिघडणार नव्हतं. एकच कार्ड तसं नव्हतं. "धाकटी. पूर्ण."

म्हणजे पहाडावर कुठंतरी एक पोरगी होती जिला संक्रांतीपासून गोळी गेलेली नव्हती. वर मे महिना. दवाखान्याच्या डॉक्टरांनी नकाशा पुढं ओढला. वस्त्या विखुरलेल्या, पाणी दूर, जीप एकच आणि बाई रिटायर व्हायच्या आत पहाडासाठी एकच दिवस मिळणार. "गाव सांगा, जाऊ," ते म्हणाले. गावच तर ठाऊक नव्हतं. मी ते पांढरं कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कीबोर्डवरून नजर उचलली की ते दिसे, आणि माझी मलाच लाज वाटे.

मुलांचं टेबल मी पुसून टाकलं. ठरवलं, कुटुंब जसं शिवलेलं होतं तसंच कॉम्प्युटरात ठेवायचं. पण आमचा डेटाबेस होता फुकटातला, एका मासिकाच्या सीडीवर आलेला. त्याला आडव्या ओळी आणि उभे रकाने सोडून दुसरं काही कळत नसे. पोटात पोट ही कल्पनाच त्याला नव्हती. मात्र तो ज्या मजकुरातून बनला होता त्याची सगळी पानं सीडीवर होती, वाचा आणि हवं ते जोडा म्हणून. मग मी जोडायला बसले. आईच्या ओळीत एक लांबलचक रकाना केला. त्यात लेकरू सुरू झालं की उघडणारी खूण, संपलं की बंद करणारी खूण. लेकराच्या आत तपासणी, तिलाही तशाच दोन खुणा. मग त्या मजकुरात शिरून 'या आईच्या तिसऱ्या लेकराचा निकाल दे' असं विचारता येईल अशी कळ डेटाबेसच्या पोटातच बसवली. लिहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दिवसातून चारदा तो कोलमडायचा, आणि चारदा मी टेबलावर मूठ आपटायचे.

एकदा बंद करणारी खूण एका ठिकाणी राहिली. पडद्यावर पाहते तो पुढच्या सगळ्या कुटुंबांची मुलं एकाच बाईच्या नावावर. नर्सबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "एवढे लेकरं तं आश्रमशाळेतही नाई बाप्पा," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या महिन्यात आम्ही हसलो ते तेवढंच. काचेखालच्या कार्डाकडे नजर गेली आणि दोघी पुन्हा कामाला लागलो.

अब्बांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? शेवटी एका रविवारी जिवतीचा गठ्ठा पिशवीत घालून घरी आणला आणि दुकानात त्यांच्यापुढं ठेवला. सगळं सांगितलं.

"बाइंडरची पोरगी," ते मराठीत म्हणाले, "अन् डोरा कापते?"

एवढंच. मग त्यांनी साबणानं हात धुतले, कोरडे केले, दुकानाच्या फरशीवर चादर अंथरली आणि पिवळी कार्डं एकेक मांडली. पांढरं कार्ड उचलत, उजेडाकडे धरत आणि पिवळ्याच्या घडीवर ठेवून बघत. बसलं नाही की दुसरं. पहिलं बसलं तेव्हा मला बोलावून दाखवलं. तिन्ही भोकं तिन्ही भोकांवर, मधून दिवसाचा उजेड येत होता.

"हातानं टोचलं हाय, मशीननं नाई," ते म्हणाले. "हातानं दोनदा सारखं होतच नाई. हरेक मायचं अंतर अलग."

मी आतापर्यंत त्या भोकांकडे पाहिलंच नव्हतं. माझ्यासाठी ती कार्डावरची घाण होती. दुपारच्या नमाजपर्यंत अर्धा गठ्ठा लागला. जेवून अब्बा पुन्हा बसले. ऊन उतरता उतरता एकच कार्ड उरलं, नेमकं तेच. अब्बांनी ते सकाळीच बाजूला टाकलं होतं. त्याला तीन नाही, सहा भोकं होती आणि घड्याही दोन.

"खराब झालं असंन. ह्याले दोनदा सुई लागली," ते म्हणाले. मग थांबले. कार्ड पुन्हा उचललं आणि एका घडीवरची तीनच भोकं धरून पिवळ्यांवरून फिरवायला लागले. चौथ्या-पाचव्या कार्डावर ती चपखल बसली. मग दुसऱ्या घडीवरची तीन. ती भलत्याच कार्डावर बसली, तितकीच चपखल. अब्बा दोन पिवळी कार्डं दोन हातांत घेऊन माझ्याकडे पाहत राहिले. "एक पान, दोन किताबा?"

सोमवारी सकाळी मी गाडीतून उतरून धावतच दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी दोन्ही पिवळी कार्डं वाचली. एकावरच्या नावावर बारीक रेघ मारलेली होती. मला ती खाडाखोड वाटली होती.

"मेली ही," बाई म्हणाल्या. "अन् ही तिची नणंद, दुसऱ्या वस्तीतली. हिचं माहेर तेच तिचं सासर. बाप मजुरीले बाहेर असंन, म्हून चूल बदलली पोरीची. जिच्या चुलीवर लेकरू जेवते तिच्या कार्डात त्याले शिवाचं, असंच करतो आमी."

गाव मिळालं होतं. जीप गुरुवारी निघायची ठरली. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. दुपारी मी त्या पोरीला कॉम्प्युटरात घालायला बसले आणि पुन्हा अडकले.

माझ्या नव्या रकान्यात लेकरू एकाच पोटात राहू शकत होतं. आत्याच्या पोटात ठेवावं, तर आत्या आणि तिचा नवरा दोघांचाही निकाल 'नाही'. उद्याचा नवा डॉक्टर म्हणेल, अशा घरात पूर्ण कसं असेल, तपासणी चुकली, काढा नाव. आणि मेलेल्या आईच्या पोटात ठेवावं, तर गोळ्या जातील बंद घरी. एवढा खटाटोप करून जे बांधलं त्यात नेमकी ही एक पोरगी मावत नव्हती. मी घरी येऊन अब्बांपुढं सगळा राग काढला.

ते एक रजिस्टर शिवत होते. त्यांनी ते तसंच माझ्यापुढं सरकवलं. पानं एकात एक घालून घडी केलेला एक जुज, तसे आठ-दहा जुज एकावर एक, आणि पाठीमागून सगळ्यांतून गेलेला दोरा. "पान एकाच जुजात राहते, बेटा. दोन जुजात नाई राहू शकत. पण एका जुजातून दुसऱ्यात जाते ते कोण? डोरा. तो बाहेरून जाते."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेरचा दोरा म्हणजे कॉलेजात शिकलेला तो साधा क्रमांक, जो मी रागारागात टाकून दिला होता. पोरगी आत्याच्याच पोटात ठेवायची आणि तिच्यापुढं एक साधा रकाना द्यायचा, जन्माची आई, त्यात दुसऱ्या ओळीचा क्रमांक. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात झालं. आत पोटात पोट, बाहेरून दोरा. पुढं नागपुरात मी याहून कितीतरी मोठी कामं केली. अब्बा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण एखादं काम अडलं की मी अजून त्यांना मनात विचारते, आणि ते रागावून मराठीत उत्तर देतात. फार आठवण येते त्यांची.

गुरुवारी निघताना अब्बांनी मेण लावलेला दोरा आणि जाड सुई कागदात गुंडाळून दिली. "तूच कापला, तूच शिवजो," म्हणाले. कोरपन्यापर्यंत कपाशीची मोकळी काळी रानं, झाडांच्या पानांवर सिमेंटची पांढरी धूळ. मग घाट. नर्सबाईंची ती शेवटची फेरी होती. त्या खिडकीबाहेरचं एकेक वळण बघून घेत होत्या.

वस्ती दहा-बारा घरांची. आत्या अंगणात तेंदूपानाचे पुडे बांधत बसली होती. मांडवाखाली खाटेवर एक सात-आठ वर्षांची पोरगी, गुडघे पोटाशी घेऊन. डोळे पिवळसर. मी दारातच थांबले. ती आहे, जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं. बाई तिच्याजवळ बसल्या, गुडघ्यांवरून हात फिरवला, ग्लासभर पाणी घोट घोट पाजलं, मग गोळी दिली. आत्याला गोळ्यांची बाटली दाखवून दोनदा समजावलं. पोरीला त्याच जीपनं दवाखान्यात नेऊन दोन दिवस ठेवायचं, आत्यानंही सोबत यायचं, असं ठरलं. पुढं मी चंद्रपुरात होते तोवर दर महिन्याला त्या ओळीपुढं गोळ्या पोचल्याची नोंद आधी बघायचे, मग बाकीचं काम.

मग माझी पाळी आली. मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरचा छापील कागद काढला आणि आत्याला वाचून दाखवला. चुलीची आई म्हणून तिचं नाव. जन्माची आई म्हणून तिच्या मेलेल्या भावजयीचं.

पुडा बांधणारे तिचे हात थांबले. "हे दुसरं नाव कायले?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठली आणि खाटेवरच्या पोरीला आपल्याकडे ओढून घेतलं. "पोरीले माया कार्डातून काढाले आल्या काय तुमी?"

टाके कापताना माझ्या हाताला जे कधी जाणवलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

"नाई वं बाई," नर्सबाई म्हणाल्या. "पक्की शिवाले आलो."

मी अंगणातच मांडी घालून बसले. मेलेल्या आईचं कार्ड बाहेर, आत आत्याचं, त्याच्या आत पांढरं, त्याची एक घडी आईच्या भोकांवर, दुसरी आत्याच्या. जुन्या सहा भोकांतून सुई घातली. दोरा दोनदा गुंतला, अब्बांनी पाहिलं असतं तर उसवून परत शिवायला लावलं असतं. गाठ मारून मी कार्ड तिच्या हाती दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एकेका टाक्यावरून बोट फिरवलं, कार्ड ओढून बघितलं आणि मला परत दिलं.

"अजून एक मार," ती म्हणाली.

मी सुई पुन्हा ओवली आणि सातवं भोक पाडलं.